दार लावा, वही उघडा

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलेहेम गावी लीहाय विद्यापीठ आहे. टेकडीवरचं, झाडीतलं, खासगी आणि महागडं. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथल्या एका वसतिगृहाची आपोआप कुलूप लागणारी तीन दारं उघडी होती. ती कुणी फोडली नव्हती. आत राहणाऱ्यांनीच, ये-जा सोपी जावी म्हणून, फटीत पिझ्झ्याचे रिकामे खोके अडकवून ठेवले होते. त्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी चोरीच्या इराद्याने या तीन दारांतून आत शिरला. पुढचं खोलीचं दारही नुसतं लोटलेलं होतं. आत झोपलेल्या जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीला जाग आली, तेव्हा त्याने तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. दोघांची साधी ओळखही नव्हती.

जीनचे भाऊ न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात शिकलेले. तिचाही तिकडेच जायचा विचार होता. पण ट्युलेनच्या एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कळलं आणि आईवडिलांनी, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरींनी, तो बेत मोडून काढला. लीहायबद्दल वाईट काही कानावर आलं नव्हतं, म्हणून लीहाय. मुलगी गेल्यावर त्यांना समजलं, की आधीच्या तीन वर्षांत या विद्यापीठाच्या आवारात ३८ हिंसक गुन्हे झाले होते, आणि त्या वसतिगृहाची दारं उघडी राहत असल्याच्या नोंदी अवघ्या चार महिन्यांत १८१ झाल्या होत्या. म्हणजे विद्यापीठाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फी भरणाऱ्यांना.

आवारातल्या सुरक्षिततेचा विचार करताना मला हे प्रकरण सारखं आठवतं, कारण त्यात दोन चुका अगदी लख्ख दिसतात. दार बंद हवं होतं ते उघडं राहिलं, आणि माहिती उघडी हवी होती ती कपाटात राहिली. आपल्याकडे पहिल्या चुकीवर भाषणं होतात, सूचनाफलक लागतात, पालकांच्या सभा भरतात. दुसरी चूक मात्र संस्थेची अब्रू राखणं म्हणून खपून जाते.

क्लेरी दांपत्याने नुकसानभरपाईच्या पैशांतून १९८७ मध्ये एक संस्था काढली आणि लोकप्रतिनिधींकडे खेटे घालायला सुरुवात केली. १९८८ मध्ये पेन्सिल्व्हेनियाने आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला. १९९८ पासून तो जीन क्लेरीच्या नावाने ओळखला जातो. भिंती उंच करा, इतके पहारेकरी नेमा, असल्या गोष्टींवर या कायद्याचा भर नाही. जे घडतं ते लिहा आणि लोकांना दाखवा, हे त्याचं मुख्य सांगणं. सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या योजनांत असलेल्या प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करायचे. विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस किंवा सुरक्षा खातं असेल तर रोजची गुन्हेनोंदवही ठेवायची, तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत ती वहीत चढवायची, आणि शेवटच्या ६० दिवसांची नोंद कुणीही मागितली तर कार्यालयाच्या वेळेत समोर ठेवायची. मागणारा विद्यार्थीच असायला हवा असंही नाही. वार्ताहरांची यामुळे उत्तम सोय झाली. विद्यापीठांच्या जनसंपर्क कार्यालयांची किती झाली असेल, ते सांगायला नको.

कायदा कागदावरच राहू नये म्हणून दंडही आहे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाला २०१६ मध्ये सुमारे २४ लाख डॉलर, तर व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला.

नुसती नोंद पुरत नाही, ती वेळेवर पोहोचावी लागते, हा धडा व्हर्जिनिया टेकने दिला. १६ एप्रिल २००७ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास तिथल्या वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिली ई-मेल गेली ९ वाजून २६ मिनिटांनी. तोवर वर्ग भरले होते. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत मारेकऱ्याने नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू केला आणि आणखी ३० जणांना मारलं. मृतांमध्ये मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली: जिवाला धोका आहे याची खातरजमा होताच विनाविलंब इशारा दिला पाहिजे. आज अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या फोनवर अमुक इमारतीपासून लांब राहा असे संदेश येतात ते यातूनच.

आकडा कसा वाचायचा

नाशिक-सांगलीतून मुलामुलींना अमेरिकेत पाठवणारे पालक विद्यापीठाचं रँकिंग तोंडपाठ ठेवतात, पण हा सुरक्षा अहवाल उघडून बघत नाहीत. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मात्र वाचताना दोन गोष्टींचं भान हवं.

पहिली म्हणजे त्यात काय मोजत नाहीत. हे आकडे विद्यापीठाचं आवार, विद्यापीठाच्या वापरातल्या इमारती आणि आवाराला लागून असलेले सार्वजनिक रस्ते, एवढ्यांपुरते असतात. आपली बहुतेक मुलं एम.एस.ला जातात आणि चार-पाच जण मिळून बाहेर भाड्याचं घर घेतात. त्या घरात घरफोडी झाली, बसथांब्यावरून घरी येताना कुणी पिस्तूल दाखवून पाकीट काढून घेतलं, तर ते या अहवालात सहसा येत नाही, शहर पोलिसांच्या खात्यावर पडतं. साधी चोरीही इथे मोजली जात नाही. वाचनालयातून लॅपटॉप गेला, सायकल गेली, तर अहवालाच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. तेव्हा विद्यापीठाच्या अहवालाबरोबर त्या शहराच्या पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशाही बघावा. तो बहुतेक ठिकाणी इंटरनेटवर असतो. घर बघण्याआधी बघावा, करारावर सही केल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट शून्याची. हजारो तरुण मुलंमुली एकत्र राहतात अशा ठिकाणी लैंगिक गुन्ह्यांच्या रकान्यात सलग तीन वर्षं शून्य असेल, तर मी तरी त्या संस्थेला सुरक्षित म्हणणार नाही. तिथे तक्रार करण्यात अर्थ नाही असं मुलींना वाटत असावं, किंवा तक्रार टेबलावरच जिरत असावी, अशी शंका आधी घ्यावी. उलट जिथे आकडा बरा मोठा आहे तिथे निदान कुणीतरी ऐकून घेतंय. हे उलटं गणित पालकांच्या पचनी पडत नाही, आणि प्राचार्यांच्या तर मुळीच नाही.

चोर, वस्तू आणि तिसरं माणूस

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जमाव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू किंवा व्यक्ती, आणि अडवू शकेल अशा तिसऱ्याची गैरहजेरी. हा तिसरा पोलीसच हवा असं नाही. समोरच्या खोलीत दार उघडं टाकून अभ्यास करणारा मुलगा, चहावाला, झाडणारी मावशी, यांतलं कुणीही चालतं. माणसांच्या मनातली चोरी आपल्याला काढता येत नाही, पण उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी हातातल्या असतात.

विद्यापीठात सगळ्यात जास्त काय होतं, तर चोरी. बातम्यांत येतं ते वेगळं. अभ्यासिकेत टेबलावर लॅपटॉप, शेजारी फोन चार्जिंगला, आणि मालक खाली चहाला. "जरा बघ हं" असं शेजारच्या अनोळखी मुलाला सांगून गेलं तरी पुष्कळ फरक पडतो, कारण त्या एका वाक्याने त्याला तिसरं माणूस करून टाकलेलं असतं. तेवढं बोलायचाही संकोच वाटतो, हीच अडचण. वसतिगृहातल्या चोऱ्या बहुधा आंघोळीच्या वेळी किंवा मेसच्या वेळी होतात. पाचच मिनिटांत यायचंय म्हणून कडी न लावता माणूस जातो, आणि चोराला दोन मिनिटं पुरतात. फोनचा आयएमईआय क्रमांक आणि लॅपटॉपचा सिरियल क्रमांक वहीत किंवा घरच्यांकडे लिहून ठेवलेला असेल, तर पोलिसांत नुसतं काळ्या रंगाचा होता असं सांगायची वेळ येत नाही, आणि चोरलेला फोन सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरून बंद पाडता येतो.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात सायकली फार चोरीला जात. तिथल्या संशोधकांनी आवारातल्या तीन सायकलतळांवर रोखून बघणाऱ्या डोळ्यांचं चित्र आणि सायकलचोरांनो, आमचं लक्ष आहे, अशा अर्थाची पाटी लावली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या तीन ठिकाणच्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. कागदावर छापलेले डोळे! पण गंमत पुढेच आहे. जिथे पाट्या नव्हत्या तिथल्या चोऱ्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. चोर सुधारला नव्हता, त्याने जागा बदलली होती. एकाच इमारतीवर कॅमेरे लावून आता गुन्हे थांबले असं जाहीर करणाऱ्या कुलसचिवांनी हा दुसरा आकडा टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

कॅमेऱ्यांबद्दल बोलायचं तर, ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. कॅमेऱ्यांचा स्पष्ट उपयोग दिसला तो वाहनतळांवर. हिंसक गुन्ह्यांवर त्यांचा फारसा परिणाम आढळला नाही. घडून गेल्यावर आरोपी शोधायला कॅमेरा कामाला येतो, तोही चालू असेल आणि त्याच्यावर वेलीची फांदी आलेली नसेल तर. रस्त्यावरच्या चांगल्या दिव्यांनी मात्र गुन्हे सुमारे पाचव्या हिश्शाने घटल्याचं त्याच दोघांना आढळलं, आणि ही घट दिवसाउजेडीही दिसली. म्हणजे उजेडात चोर दिसतो एवढंच कारण नाही. नीट राखलेल्या रस्त्यावर लोकांचा वावर वाढतो आणि ही जागा कुणाच्या तरी देखरेखीखाली आहे हे कळतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दिव्यातही तारतम्य असतं. एक झगझगीत दिवा आणि पुढे पन्नास पावलं काळोख, यापेक्षा मंद पण सलग उजेड बरा. झगझगाटातून काळोखात शिरताना डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गुलमोहर आणि रेन ट्री फोफावतात, दिवा पानांच्या वर राहतो आणि रस्ता खाली अंधारात. छाटणी आणि दिवाबत्ती ही दोन खाती वेगळी असल्यामुळे कोणाकडे जायचं तेही कळत नाही. खांबांवर ठळक क्रमांक रंगवले आणि वसतिगृहात एक फोन नंबर लावला, तर बंद दिवा कळवणं सोपं होतं. खर्च रंगाच्या डब्याचा.

टोरांटोमध्ये १९८९ पासून बायकांच्या एका संस्थेने यासाठी रात्रीची पाहणी सुरू केली. पाच-सहा जणींनी अंधार पडल्यावर ठरलेल्या वाटेने चालायचं आणि लिहायचं: पुढचं किती दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल का, पळायचं झालं तर वाट आहे का, आसपास कोण असतं, त्यात बायका किती. २०१३ मध्ये दिल्लीत निघालेल्या सेफ्टीपिन या ॲपनेही याच धर्तीवर शहरातल्या रस्त्यांची मोजणी केली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दर वर्षी तीच भिंत रंगवायला लावण्यापेक्षा हे काम द्यायला हरकत नाही.

भिंत, फाटक आणि टपरी

विद्यापीठाच्या फाटकावर गेलं की एक लांबडी नोंदवही पुढे येते. नाव, गाडी क्रमांक, कोणाला भेटायचं, काम, वेळ, सही. वरच्याने आपल्या रकान्यात " " अशी खूण केलेली असते, म्हणून आपणही करतो. मोबाइल क्रमांकाचा एखादा आकडा कमी पडला तरी कुणी विचारत नाही. ही वही नंतर कुणी वाचत नाही. भरली की गठ्ठ्यात जाते. मागे खुर्चीवर बसलेला रखवालदार ठेकेदाराचा माणूस. बारा-बारा तासांची पाळी, पगार तुटपुंजा, आवारात कुठली इमारत कुठे हेही त्याला कधी धड माहीत नसतं. चारचाकी आली की सलाम, पायी आलेल्या मुलाला ओळखपत्र. पहाऱ्याचा खरा उपयोग फेरीत असतो, खुर्चीत नाही. मागचं फाटक, वाचनालय ते वसतिगृह हा पट्टा, मैदानाची कडा, इथे ठरावीक नसलेल्या वेळी कुणी चालत गेलं पाहिजे.

२१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी बनारस हिंदू विद्यापीठात वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची मोटरसायकलवरून आलेल्यांनी छेड काढली. जवळ असलेले सुरक्षारक्षक मदतीला आले नाहीत, उलट इतक्या उशिरा बाहेर कशाला, असं तिलाच ऐकवलं गेलं, असं विद्यार्थिनींचं म्हणणं होतं. त्यांनी मुख्य दाराशी धरणं धरलं, आणि दोन दिवसांनी रात्री लाठीमार झाला. मागणी काय होती? रस्त्यांवर दिवे, पहाऱ्याची नीट व्यवस्था आणि तक्रार ऐकणारं कुणीतरी. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच आवारातल्या आयआयटीच्या विद्यार्थिनीवर मध्यरात्रीनंतर तिघांनी बंदुकीचा धाक दाखवून अत्याचार केले. तेव्हा आयआयटी आणि उरलेलं विद्यापीठ यांच्यामध्ये भिंत घालायची कल्पना पुढे आली, आणि तिला विद्यापीठातूनच जोरदार विरोध झाला. भिंत हे प्रशासनाचं आवडतं उत्तर आहे. ती दिसते, निविदा काढता येते, उद्घाटनही करता येतं. पण लीहायचा मारेकरी विद्यापीठाचाच विद्यार्थी होता. त्याला कुठली भिंत अडवणार होती?

जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ मध्येच अमेरिकी शहरांबद्दल लिहिताना दाखवून दिलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो दुकानदार, खिडकीतली बाई, येणारे-जाणारे यांच्या नजरेमुळे. आपल्याकडे आवार सुशोभित करायला घेतलं की पहिली कुऱ्हाड पडते चहाच्या टपरीवर आणि झेरॉक्सच्या दुकानावर. रात्री अकरापर्यंत पेटलेली टपरी ही त्या वळणावरची सगळ्यात स्वस्त आणि जागती चौकी असते. ती उठवून तिथे कारंजं बसवलं की संध्याकाळी सातनंतर तिथे कारंजंही नसतं आणि माणूसही नसतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर' हे पुस्तक लिहिलं. बायकांनी विनाकारण, निवांत रस्त्यावर असावं, हा त्यातला आग्रह अनेकांना तेव्हा उद्धट वाटला. पण कोहेन-फेल्सनच्या मांडणीशी तो नीट जुळतो: जितक्या जास्त बाया बाहेर, तितकी प्रत्येक जण कमी एकटी.

यावरून मुलींच्या वसतिगृहाच्या वेळेचा प्रश्न येतो. साडेआठला, नऊला फाटक बंद. मुलांच्या वसतिगृहाला वेळ नाही, असली तरी कुणी पाळत नाही. हे सगळं मुलींच्या भल्यासाठी. आता ट्रेन उशिरा आली म्हणून एखादी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोहोचली, तर तिच्यापुढे काय असतं? रखवालदाराची विनवणी, घरी जाणारा फोन, दंड, वॉर्डनबाईंचं ऐकून घेणं. हे टाळायला ती रात्र कुणा ओळखीच्याकडे काढते, जिथे ती आहे हे वसतिगृहात कुणालाही ठाऊक नसतं. किंवा मागचं दार मैत्रिणी दगड लावून उघडं ठेवतात. म्हणजे जो नियम तिला आत ठेवण्यासाठी केला, तोच तिला सगळ्यात वाईट वेळी बाहेर ढकलतो आणि वर दारही उघडं टाकायला लावतो. रात्री कधीही आत घेणारं, पण आलेल्याची नोंद ठेवणारं फाटक यापेक्षा सुरक्षित. दिल्लीत २०१५ मध्ये विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' या नावाने याच मुद्द्यावर आंदोलन उभं केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' या कृतिदलाने २०१३ मध्येच सांगितलं होतं, की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या हालचालींवर बंधनं घालू नयेत, आणि आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत तर सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे. नियम आहे. तरी किती वसतिगृहांनी तो वाचलाय ते फाटकावरची पाटी सांगते.

ओळखीचा माणूस

रात्रीची वाट, अंधार, अनोळखी माणूस, ही भीती खरी आहे, पण हिशेब वेगळाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. वर्गातला, गावाकडचा, आधी मैत्री असलेला, कधी मार्गदर्शक.

२७ जून २०२३ ला सकाळी पुण्याच्या सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीवर एका तरुणाने कोयता उगारला. दोघांची आधी ओळख होती. तिने नकार दिल्यावर तो तिला त्रास देत होता. ती जीव घेऊन पळत असताना रस्त्यावरच्या दोन-तीन तरुणांनी पुढे होऊन कोयता धरला, म्हणून ती वाचली. तेही अभ्यासिकेत जाणारे विद्यार्थीच होते. जवळच्या चौकीत पोलीस हजर नव्हते म्हणून तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. शहराच्या मध्यात, भर दिवसा, गजबजलेल्या पेठेत. अशा हल्ल्याआधी बहुतेक वेळा काही आठवडे, काही महिने पाठलाग चाललेला असतो. नवीन नंबरवरून फोन, वर्गाबाहेर उभं राहणं, मैत्रिणींना निरोप, मरून जाईन म्हणून धमकी. अडवायची वेळ तेव्हाची असते.

पाठलाग हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे नकार स्पष्ट असतानाही पुन्हा पुन्हा गाठणं, मागे फिरणं, इंटरनेटवरच्या हालचालींवर पाळत ठेवणं, या सगळ्याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यवहारात उपयोगी पडतं ते असं: नकार एकदाच, स्वच्छ शब्दांत, लेखी कळवावा, आणि मग उत्तरच देऊ नये. विसाव्या फोनला दिलेलं चिडकं उत्तर त्याला एवढंच शिकवतं, की वीस फोन केले की ती बोलते. मेसेज पुसू नयेत. घाण वाटते म्हणून मुली आधी तेच करतात आणि पुरावा जातो. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाकडे पाठवून ठेवावेत. खोलीतल्या मैत्रिणीला, वॉर्डनला, फाटकावरच्या माणसाला त्याचा फोटो दाखवावा. ती आत्ताच वाचनालयात गेली बघा, असं प्रेमाने सांगणारा रखवालदारच अनेकदा पत्ता देतो. विभागाच्या फलकावर नाव, वर्ग आणि मोबाइल क्रमांकासकट याद्या लावायची आपल्या महाविद्यालयांची सवयही तितकीच घातक आहे.

तक्रारीसाठी हद्दीचा वाद घालत बसायचं कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. तातडीच्या मदतीसाठी ११२.

छळ करणारा विद्यापीठातलाच असेल तर अंतर्गत तक्रार समिती. ही समिती सहजासहजी मिळालेली नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या १९९२ मधल्या अत्याचारानंतर झालेल्या याचिकेतून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या पाळल्याच जात नाहीत हे न्यायालयाच्या कानी घातलं ते पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले आणि इतरांनी पाठवलेल्या पत्राने. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि २०१२ मध्ये सगळ्या राज्यांना खडसावलं. २०१३ मध्ये कायदा झाला. विद्यापीठांसाठीच्या २०१५ च्या विनियमांनुसार तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर ती वाढते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात. पीएच.डी. करणाऱ्यांनी एक तरतूद लक्षात ठेवावी: चौकशी चालू असताना तक्रारदाराचं काम तपासणं, त्यावर शेरा देणं यापासून आरोपीला दूर ठेवायला समिती सांगू शकते. प्रबंध गाईडच्या सहीवाचून अडेल, या एका भीतीने किती तोंडं बंद राहतात!

समितीकडे किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं याचा अहवाल संस्थेने दरवर्षी आयोगाला द्यायचा असतो. प्रवेश घेताना कार्यालयात जाऊन तो मागून बघा. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन दर्शनी भागात लावलेत का तेही पाहा. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाई अजून फलकावर अध्यक्ष असतील, तर निराळ्या चौकशीची गरज नाही.

पहिले काही आठवडे

नवीन मुलं सगळ्यात कचाट्यात असतात ती सत्राच्या सुरुवातीला. वाटा माहीत नाहीत, माणसं माहीत नाहीत, आणि नाही म्हणण्याइतकी ओळख कुणाशीच नाही. रॅगिंगही तेव्हाच होतं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. देशभर कडक नियम आले ते २००९ मध्ये, हिमाचल प्रदेशात वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याचा सीनियरांच्या मारहाणीत जीव गेल्यावर. त्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

परदेशी गेलेल्या मुलांना याच आठवड्यांत वेगळा फोन येतो. तुमच्या व्हिसाच्या कागदांत चूक आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका. पलीकडचा स्वतःला सरकारी अधिकारी म्हणवतो आणि मुलाचं नाव, विद्यापीठ बिनचूक सांगतो. ही माहिती बहुधा मुलाने स्वतःच लिंक्डइनवर टाकलेली असते. अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिकडच्या लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरं ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला पकडली होती, तेव्हा या धंद्याचं एक टोक आपल्या लोकलच्या स्टेशनावरही होतं हे विसरायला नको. इथल्या मुलांच्या वाट्याला हाच फोन 'डिजिटल अरेस्ट' या नावाने येतो. आपल्या कायद्यात अशी काही अटक नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून खातं रिकामं करायला सांगत नाही. फोन बंद करून वॉर्डनकडे किंवा शेजारच्या खोलीत जावं, कारण त्या फोनची सगळी मदार मूल एकटं राहण्यावर असते. पैसे गेलेच, तर भारतात १९३० या मदत क्रमांकावर तास-दोन तासांच्या आत फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत ते तिथेच गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात सर्वाधिक असते, म्हणून आधी फोन आणि घरच्यांना काय सांगायचं त्याचा विचार नंतर.